४५ दिवसांत 'आंतरराष्ट्रीय लायसन्स'?

पारोळ्याच्या एका मुलीनं विचारलंय. वय २१, केमिस्ट्रीत बी.एस्सी. यंदा संपतंय, 'लायसन्स्ड एस्थेटिशियन', म्हणजे त्वचेची निगा राखणारी लायसन्सवाली ब्यूटिशियन व्हायचंय. एका क्लासवाल्यांनी ४५ दिवसांत 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' देतो म्हणून ६५ हजार सांगितलेत, ५ हजार भरून तिनं जागाही धरलीय. उरलेले भरू का, त्या लायसन्सवर पारोळ्यात 'स्किन क्लिनिक' टाकता येईल का, आणि मावशी टेक्सासला आहे तर पुढं तिकडं ते चालेल का, असे तिचे तीन प्रश्न.

माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून तुला 'तू'च म्हणते. आधी पैशाचं: उरलेले ६० हजार आत्ता भरू नकोस. क्लास वाईटच असेल असं मी म्हणत नाही, मी तो पाहिलेला नाही. पण जे देतो म्हणतायत ती वस्तू आपल्याकडं अस्तित्वातच नाही.

डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट लागतो, नर्सला नोंदणी लागते. ब्यूटिशियनला, एस्थेटिशियनला व्यक्ती म्हणून लायसन्स देणारं सरकारी खातं भारतात नाही. हा शब्द आला अमेरिकेतून. तिथं प्रत्येक राज्याचं मंडळ ठरलेल्या तासांचं शिक्षण बघतं, परीक्षा घेतं आणि मगच दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावू देतं. आपल्याकडं मिळतं ते सर्टिफिकेट. त्यातलं कुठलं वजनाचं आणि कुठलं नुसतं लॅमिनेट करून भिंतीवर लावण्याच्या लायकीचं, हे ओळखता येणं हाच तुझा खरा प्रश्न आहे. लायसन्स नाही म्हणजे अडवणारं कुणी नाही, आणि म्हणूनच आपली परीक्षा आपणच घ्यायची वेळ येते.

मी धुळ्यात २३ वर्षं पार्लर चालवतेय. सुरुवात देवपुरात घराच्या पुढच्या खोलीत झाली, एक खुर्ची आणि आईच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा. मीही तेव्हा तीन महिन्यांचा क्लास करून 'एक्स्पर्ट' झाले होते. त्याचं काय झालं ते पुढं सांगते.

तुझ्यासारखीला मी पहिल्यांदा आयटीआयचं नाव सांगते आणि मुली नाक मुरडतात. कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पात्रता दहावी पास. वर्षाचे साधारण १२०० तास, त्यातले ८४० नुसते हातानं काम करण्याचे. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. तिथं थिअरीत ३३ टक्क्यांना पास करतात, पण प्रॅक्टिकलला ६० लागतात. हे मला फार आवडतं. आपल्या धंद्याचं प्रमाण नेमकं तेच आहे. प्रवेश दहावीच्या निकालानंतर राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतात. प्रत्येक आयटीआयत हा ट्रेड नसतो, म्हणून फॉर्म भरताना जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर अशी सगळी नावं उघडून कुठं आहे ते बघ. सरकारी जागेची फी तुझ्या त्या क्लासच्या जवळपाससुद्धा नाही. बी.एस्सी. होऊन दहावी पास मुलींबरोबर बसायची लाज वाटेल, तर ती पहिल्या आठवड्यात जाते. थ्रेडिंगचा दोरा दातात धरल्यावर कुणाची डिग्री दिसत नाही.

आता हे सगळ्यांना जमेल असं नाही. घरी लग्नाचं बोलणं चालू असेल, वर्षभर रोज एसटीनं ये-जा परवडणार नसेल, तर कमी मुदतीचे मार्ग आहेत. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे कोर्स आहेत, असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट आणि त्याच्या वरचा ब्यूटी थेरपिस्ट. ते राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसतात आणि परीक्षा क्लासवाल्या बाई घेत नाहीत, बाहेरचा परीक्षक घेतो. आधीच चार-पाच वर्षं एखाद्या पार्लरमध्ये राबलेली मुलगी असेल, तर तिच्या येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याचीही सोय आहे, त्याला आरपीएल म्हणतात. शिवाय राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या खासगी संस्था असतात.

आणि 'आंतरराष्ट्रीय' म्हणशील तर तेही खोटं नाही, फक्त ४५ दिवसांचं नाही. सिडेस्को ही झुरिचची संस्था, १९४६ पासूनची. तिच्या ब्यूटी थेरपी डिप्लोमाला १२०० तास लागतात. ब्रिटनच्या सिबटॅक आणि आयटेक यांच्याही परीक्षा आपल्याकडं होतात. यांच्या शाळा मुंबई-पुण्याकडं, आणि खर्च लाखांत. मोठ्या शहरातल्या स्पात किंवा जहाजावर नोकरी करायची असेल तर याचा उपयोग होतो. पारोळ्यात बाजारपेठेतल्या गिऱ्हाइकाला सिडेस्को म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही.

तर त्या क्लासमध्ये जा आणि थेट विचार. परीक्षा कोण घेतं, सर्टिफिकेटवर सही कुणाची? त्याचा नंबर सरकारी पोर्टलवर तपासता येतो का? रोज किती तास, आणि माझ्या हाताखालून किती खऱ्या बायका जाणार? एकमेकींच्या भुवया करून ४५ दिवस काढणाऱ्या बॅचा मी बघितल्यात. बाहेर पडेपर्यंत वर्गातल्या कुणाच्याच भुवया शिल्लक नसतात. शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: गिऱ्हाईक आल्यावर हात लावायच्या आधी तिला काय काय विचारायचं, हे शिकवता का? या प्रश्नावर समोरची बाई गोंधळली तर उठून ये.

हा प्रश्न का, ते सांगते. २०११ सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आपल्याकडं आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तो आठवडा पार्लरमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. शिरपूरकडच्या एका गावची पोरगी आली, लग्नाला वर्ष झालेलं. म्हणाली, ब्लीच करून द्या, संध्याकाळी झोक्यावर मैत्रिणी भेटणार आहेत. मी क्रीम घेतली, ॲक्टिव्हेटर मोजून टाकला, लावलं. लावताना बोटांना जाणवलं होतं की गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, खालच्या बारीक लाल शिरा दिसतायत. पण बाहेर सहा बायका बसलेल्या. दोन-तीन मिनिटांत ती म्हणाली, "ताई, तोंडनी आग व्हस." मी म्हणाले, "थोडी होते." मला क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं, ब्लीचला थोडी चुणचुण होतेच. सातव्या मिनिटाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मी ते पुसलं. संध्याकाळपर्यंत हनुवटीच्या कडेनं फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई तिला घेऊन दारात उभी. भांडायला आली नव्हती, ते जास्त लागलं. पोरीच्या पर्समध्ये एक ट्यूब होती, शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आणलेली, टूथपेस्टची शेवटची काढतो तशी. मेडिकलमधून आणलेली 'गोरेपणाची क्रीम', लग्न ठरल्यापासून रोज रात्री लावत होती. तशीच रिक्षा करून तिला स्किनच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी ट्यूब हातात घेऊन मोठ्यानं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, गालावर लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा आणखी पेटतो म्हणून बाई परत तीच लावते. त्या पातळ झालेल्या कातडीवर मी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं होतं, वर अल्कली घालून त्याचा जोर वाढवून. औषधाचे पैसे मी दिले. ती आखाजी पोरीनं ओढणी तोंडाला बांधून घरात काढली, झोका बाहेर निंबाला तसाच.

मला ब्लीचचं प्रमाण शिकवलं होतं. 'रात्री तोंडाला काय लावतेस?' हे विचारायला शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडं नवीन गिऱ्हाइकानं फोन केला की मी सांगते, तोंडाला लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. काउंटरवर पेपर अंथरते आणि पिशवी उपडी करते. काय काय निघतं! जाऊबाईंनी दिलेली अर्धी ट्यूब, नाव नसलेली पांढरी डबी, पोराच्या खरजेचं मलम. २०१८ पासून अशी बरीच स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर काय होतं ते तू पारोळ्यात स्वतः बघून घे. अशी ट्यूब निघाली तर मी त्या दिवशी चेहऱ्याला काही करत नाही. 'फेकून दे' असंही सांगत नाही, कारण एकदम बंद केल्यावर जे होतं ते सांभाळणं माझं काम नाही. सरळ डॉक्टरांकडं पाठवते. नाव नसलेल्या डबीचं वेगळंच भय. गोरं करणाऱ्या चोरट्या क्रीममध्ये पारा सापडतो, आणि आपल्या २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांनी अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. गिऱ्हाईक जातं का? जातं. शेजारच्या पार्लरमध्ये जाऊन करून घेतं. वर्षभरानं त्यातल्या निम्म्या परत येतात.

यातूनच तुझ्या 'स्किन क्लिनिक'चं उत्तर निघतं. स्वच्छता, क्लीनअप, फेशियल, थ्रेडिंग, वॅक्स, हलके पील (सौम्य ॲसिडनं वरची मेलेली कातडी काढणं), त्वचेची रोजची निगा हे आपलं. सुई आत गेली, मग ते बोटॉक्स असो, फिलर असो की रक्त काढून चेहऱ्यात टोचणं असो, ते डॉक्टरचं. लेझर डॉक्टरच्या देखरेखीखालचं. मस, चामखीळ जाळणं आपलं नाही, कितीही सोपं दिसलं तरी. पाटीवर 'क्लिनिक' लिहिलंस की लोक चामखीळ घेऊनच येणार. 'स्किन केअर स्टुडिओ' लिही, 'ब्यूटी केअर' लिही.

आपल्या भागात सगळ्यात जास्त विचारणा वांगाची, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांची असते. (भरताच्या वांग्याची नव्हे. पाहुण्या गिऱ्हाइकांचा हा गोंधळ मी दोनदा निस्तरलाय.) रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणाऱ्या बाया, मे महिन्यात ४५ अंशांत लग्नाच्या वराती, आणि आपली सावळी कातडी, जी जराशा जखमेनंही डाग धरते. गोऱ्या कातडीवर ज्या पीलनं नुसती लाली येते, त्याच पीलनं आपल्याकडं सहा महिन्यांचा काळा डाग बसू शकतो. यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुली इथं फसतात. वांगाला फेशियल हे उत्तर नाही. ऊन टाळणं, ओढणी, सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावणं, आणि डॉक्टर. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण २८ दिवस लागतात, तेव्हा 'तीन दिवसांत फरक' असं तुझ्या पाटीवर कधी लिहू नकोस.

तुझी केमिस्ट्री इथं कामाला येईल, ते माझ्याकडं नव्हतं. त्वचेचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जहाल) साडेचार-साडेपाचच्या आसपास, साबणाचा नऊ-दहा. पीलच्या ग्लायकोलिक ॲसिडची बाटली हातात घेतल्यावर बाकीच्या मुली फक्त टक्का वाचतात. तू पीएचही वाचशील, कारण ३० टक्के पीएच ३ वर वेगळं आणि पीएच १ वर वेगळं, हे तुला कुणी सांगायला नको. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं पार्लरसाठी मर्यादा सांगितली तीसुद्धा अशीच जोडीनं आहे: ३० टक्क्यांपर्यंत, पीएच ३ च्या खाली नाही. घरी वापरायला १० टक्के, पीएच साडेतीन. सुरुवातीची दोन वर्षं तू १० च्या वर जाऊच नकोस. पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडंसं लावून बघणं, कानामागं, आणि किमान एक दिवस थांबायचं. नवरी असेल तर हळदीच्या आदल्या दिवशी काहीही नवीन नाही, ती रडली तरी.

निर्जंतुकीकरणाचं क्लासमध्ये एक पान असतं, ते सोडून देतात. ब्लॅकहेडची पिन, चिमटे, नखांची हत्यारं एकीकडून दुसरीकडं नेताना रक्त जातं, दिसत नसलं तरी. ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेच्या दाबानं हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा हिशेब आपल्या कुकरचाच आहे: १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. मी पहिली पाच वर्षं वेगळा ठेवलेला कुकरच वापरला. नुसतं डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवणं म्हणजे हत्यारांची आंघोळ. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, प्रत्येक वेळी. आपल्याकडं लाइट जाते, हीटर बंद पडतो, मग घाईत गॅसवर वॅक्स तापवतात, तेव्हाच भाजतं. सोय झाली की आधी इन्व्हर्टर घे, स्टीमर नंतर.

दुकानाचे कागद त्यामानानं सोपे. शॉप ॲक्टमध्ये महाराष्ट्रात २०१७च्या कायद्यानं थोडीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना द्यायची, तेवढं पुरतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असते, कुणाला पैसे देऊ नकोस. जीएसटीची भानगड वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर. नगरपालिकेत मात्र स्वतः जाऊन विचार, गावोगावी वेगळं असतं. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचा शिशु गट पहिल्या खोलीला पुरतो.

आणि गंमत बघ. बाईच्या चेहऱ्यावर हात ठेवायला आपल्याकडं लायसन्स लागत नाही, पण घरी कोरफडीची क्रीम बनवून डबीत भरून विकायची तर लागतं. १९४०चा औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आहे, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, 'हर्बल' लिहिलं तरी लागतो. हे तुला मुद्दाम सांगते, कारण केमिस्ट्रीवाल्या पोरीला पहिला मोह हाच होणार.

टेक्सासचं थोडक्यात. तिथं एस्थेटिशियनला ७५० तास लागतात, कॅलिफोर्नियात ६००, आणि राज्य बदललं की नियम बदलतो. इथलं कुठलंही सर्टिफिकेट, सिडेस्कोचंसुद्धा, तिथलं लायसन्स होत नाही. फार तर तुझे तास तिथलं मंडळ विचारात घेतं, आणि त्यासाठी तासांची लेखी नोंद लागते. म्हणून आयटीआय कर नाहीतर दुसरं काही कर, शिक्क्याची मार्कलिस्ट आणि तासांचं पत्र मागून घे, झेरॉक्स काढून ठेव. मावशीला सांग, त्यांच्या राज्याच्या खात्याच्या साइटवर बाहेरदेशी शिकलेल्यांसाठी काय लिहिलंय ते वाचून पाठव. ४५ दिवसांचे, रोज तीन तास धरले तरी १३५ तास होतात. गणित तूच कर.

माझ्याकडं नवीन मुलगी आली की पहिले तीन महिने ती टॉवेल, हत्यारं आणि कार्ड भरणं एवढंच करते. गिऱ्हाइकाला विचारायचं आणि लिहायचं. मग थ्रेडिंग, कारण पारोळ्यात काय आणि धुळ्यात काय, रोजची भाजी त्या ४० रुपयांच्या भुवयांवर येते. चेहऱ्याला हात सहा महिन्यांनी. तू आयटीआय केलंस तरी त्यानंतर एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली कर, आणि तेही एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत, म्हणजे लग्नसराई दोन्ही बाजूंनी बघून होईल. पगार पहिल्या वर्षी कमीच असतो, त्याला इलाज नाही.

भरलेल्या ५ हजारांचं: पावती घेतली असशील तर आधी ती नीट वाच, 'परत मिळणार नाहीत' असं छापलंय का. वरचे प्रश्न त्यांना लेखी, व्हॉट्सॲपवर विचार आणि उत्तर लेखीच माग. 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' हे शब्द त्यांनी लिहून दिले तर ते तुझ्याच कामाचे, कारण पैसे परत मागताना तेच दाखवायचे. उत्तर आलं की मला पाठव, सर्टिफिकेटचा नमुना असेल तर त्याचाही फोटो. बघून सांगते.